स्टार ट्रेकमधला रिपर आणि व्हाइटचॅपलचा मुद्देमाल

प्रश्न थोडक्यात असा : जेम्स ब्लिशने कथारूप दिलेले स्टार ट्रेक या अमेरिकी टीव्ही मालिकेचे जुने भाग वाचताना ‘वुल्फ इन द फोल्ड’ या कथेत खुनी म्हणून चक्क जॅक द रिपर निघतो, १८८८ मध्ये लंडनच्या व्हाइटचॅपल भागात बायकांचे खून करणारा. डॉक्टर हू या ब्रिटिश मालिकेवरच्या एका कादंबरीतही तोच भेटतो. हा माणूस खरा होता का? विज्ञानकथावाल्यांना सारखा तोच का लागतो? आणि डीएनएने तो सापडला अशी बातमी येऊन गेल्यावर त्याला परग्रहावरचा जीव करणं आता हास्यास्पद ठरेल का? विचारणारे स्वतः अशाच धर्तीची कादंबरिका लिहीत आहेत, म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो.

माझी सगळी नोकरी न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत, जीवशास्त्र विभागात गेली. पोलीस ठाण्यांतून सीलबंद येणारे कपडे, सुरे, दगड आणि त्यांच्यावरचे डाग, हे रोजचं काम. निवृत्तीनंतर रहस्यकथा लिहिणाऱ्यांचे फोन येत असतात, आणि विज्ञानकथा तर मी कॉलेजात असल्यापासून वाचतो. त्यामुळे व्हाइटचॅपलच्या खुनांशी माझी ओळख दोन्ही अंगांनी आहे.

आधी सरळ उत्तर. खून खरे, मेलेल्या बायका खऱ्या, आणि मारणारा कुणीतरी खराच होता. ‘जॅक द रिपर’ हे पात्र मात्र बऱ्याच अंशी वर्तमानपत्री आहे आणि विज्ञानकथांनी उचललं ते हेच पात्र. डीएनएने कुणीही सापडलेला नाही. तुमच्या कादंबरिकेला त्या बातमीपासून काही धोका नाही. धोका दुसरीकडे आहे, त्याच्याकडे नंतर येतो.

‘वुल्फ इन द फोल्ड’ हा भाग अमेरिकेत २२ डिसेंबर १९६७ ला दाखवला गेला. पटकथा रॉबर्ट ब्लॉकची. आर्जेलियस नावाच्या मौजमजेच्या ग्रहावर एंटरप्राइज या अंतराळयानाचा इंजिनीयर स्कॉटी एका नर्तकीच्या प्रेतापाशी हातात सुरा घेऊन सापडतो. त्याला काहीच आठवत नाही. आणखी दोन बायका मरतात आणि दर वेळी संशय त्याच्यावरच. शेवटी जहाजाच्या संगणकाला विचारल्यावर उलगडा होतो की खुनी एक अशरीर जीव आहे, भीती हे त्याचं अन्न, आणि शतकानुशतकं तो अंगं आणि ग्रह बदलत आला आहे. नाव रेडजॅक. १८८८ चं लंडन, मग १९३२ चं शांघाय, १९७४ चं कीव्ह, पुढे मंगळावरच्या वसाहती, अशी यादीच संगणक वाचून दाखवतो. ब्लिशने हे गद्यात उतरवलं ते त्याच्या स्टार ट्रेक मालिकेच्या आठव्या पुस्तकात, १९७२ साली.

ब्लॉकला ही कल्पना ऐन वेळी सुचलेली नव्हती. १९४३ च्या जुलैमध्ये ‘वीअर्ड टेल्स’ मासिकात त्याची एक कथा आली होती. तिच्यात रिपर खून करून म्हातारपण टाळतो आणि विसाव्या शतकातही जिवंत असतो. त्या कथेचं शीर्षक म्हणजे ‘युअर्स ट्रूली, जॅक द रिपर’, एका पत्राखालची सही. ते पत्र ‘डिअर बॉस’ या मायन्याचं, २५ सप्टेंबर १८८८ तारखेचं, लाल शाईत लिहिलेलं. खुनी माणसाला जॅक द रिपर म्हटलेलं पहिल्यांदा दिसतं ते याच कागदावर.

आणि गंमत म्हणजे पत्र पोलिसांना आलं नव्हतं. आलं सेंट्रल न्यूज एजन्सी या वृत्तसंस्थेला. तिने दोन दिवस जवळ ठेवून २९ तारखेला स्कॉटलंड यार्डकडे पाठवलं. त्याच रात्री, म्हणजे ३० च्या पहाटे, दोन खून पडले. पत्रात पुढच्या बाईचे कान कापून पाठवीन अशी बढाई होती, आणि त्या रात्रीच्या एका प्रेताच्या कानाची पाळी खरंच तुटलेली निघाली. झालं, पोलिसांनी पत्र गांभीर्याने घेतलं आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला त्याची हुबेहूब नक्कल छापून भिंतींवर लावली, कुणी अक्षर ओळखतंय का बघायला. अक्षर कुणी ओळखलं नाही. सही मात्र सगळ्या लंडनला पाठ झाली आणि तिच्या नावाने शेकड्यांनी पत्रं येऊ लागली. त्याआधी लोक या खुन्याला ‘लेदर एप्रन’ म्हणत. त्या टोपणनावाचा एक चांभार १० सप्टेंबरला पकडला गेला आणि खुनांच्या वेळी तो दुसरीकडे होता हे सिद्ध झाल्यावर सुटला.

पुढे १९१३ मध्ये, पूर्वी स्पेशल ब्रँचचा प्रमुख असलेल्या लिटलचाइल्डने एका पत्रकाराला खासगी पत्रात लिहिलं की ‘डिअर बॉस’ हे सेंट्रल न्यूजच्याच टॉम बुलिंगचं काम असावं असं यार्डात सर्वसाधारण मत होतं. ते कोर्टात टिकेल असं मी म्हणणार नाही. पण वृत्तसंस्थेला आलेलं, वृत्तसंस्थेने अडवून धरलेलं, बातमीदाराला हवं ते सगळं आयतं पुरवणारं पत्र माझ्या टेबलावर आलं असतं तर पहिला अक्षरनमुना मी त्या संस्थेतल्या लोकांचाच मागवला असता.

म्हणजे वाटचाल अशी : बहुधा एका बातमीदाराची सही, तिच्यावरून १९४३ ची कथा, कथेवरून १९६७ ची पटकथा, पटकथेवरून १९७२ चं पुस्तक. या वाटेवर प्रत्यक्ष खुनी कुठेच लागत नाही. रेडजॅक ज्याचा वंशज आहे तो हा सही करणारा.

आता फाइलकडे. पोलिसांच्या व्हाइटचॅपल फाइलमध्ये १८८८ ते १८९१ मधले ११ खून आहेत. त्यांतले पाच साधारणपणे एकाच हाताचे मानतात : मेरी ॲन निकोल्स, ३१ ऑगस्ट, ॲनी चॅपमन, ८ सप्टेंबर, एलिझाबेथ स्ट्राइड आणि कॅथरीन एडोज, दोघी ३० सप्टेंबरच्या पहाटे, मेरी जेन केली, ९ नोव्हेंबर. स्ट्राइडबद्दल अभ्यासकांत वाद आहे. तो इथे काढत नाही.

दोन खुनांची रात्र जरा जवळून बघा, कारण कथालेखकाच्या उपयोगाचं सगळं तिच्यात आहे. एडोज संध्याकाळी दारू पिऊन रस्त्यात पडलेली सापडली म्हणून पोलिसांनी तिला बिशप्सगेट ठाण्यात कोंडून ठेवलं होतं. रात्री एकच्या सुमाराला, ती शुद्धीवर आली आहे असं पाहून, सोडून दिलं. अगदी त्याच वेळी बर्नर स्ट्रीटवरच्या एका आवारात तट्टाची गाडी घेऊन शिरणाऱ्या माणसाचं तट्टू बुजलं. खाली वाकून बघतो तर स्ट्राइड, गळा चिरलेली. तिथून मायटर स्क्वेअर पायी पंधरा-एक मिनिटांवर. हवालदार वॉटकिन्स तिथे गस्तीवर होता. त्याची फेरी बारा ते चौदा मिनिटांची. दीड वाजता त्याने कंदील फिरवून चौक बघितला, रिकामा होता. एक वाजून ३५ मिनिटांनी चौकाच्या बोळाच्या तोंडाशी तिघा मित्रांनी एक जोडपं उभं पाहिलं. एक ४४ ला वॉटकिन्स परत आला तर कोपऱ्यात एडोजचं प्रेत, पोट फाडलेलं, एक मूत्रपिंड आणि गर्भाशय काढून नेलेलं. चौकातच राहणारा एक पोलीस शिपाई घरात गाढ झोपला होता. त्याला काही ऐकू आलं नाही.

त्या तिघांपैकी लॉवेंड नावाच्या माणसाने जोडप्यातल्या पुरुषाचं वर्णन दिलं : तिशीचा, फिकट मिशी, सैल जाकीट, डोक्यावर पुढे झडप असलेली करडी कापडी टोपी, गळ्याला तांबूस रुमाल, एकंदर खलाशासारखा. आता तुमच्या डोळ्यांसमोर जो रिपर येतो त्याच्याशी हे ताडून बघा. उंच रेशमी हॅट, झगा, हातात डॉक्टरी बॅग! काळ्या बॅगेचा उगम तर फाइलमध्येच आहे. बर्नर स्ट्रीटवर एका बाईने चकचकीत काळी बॅग घेऊन घाईने जाणारा माणूस पाहिला. तो माणूस आपण होऊन पोलिसांत आला. बॅगेत सिगारेटची रिकामी खोकी होती. मामला तिथेच मिटला, पण बॅग काही चित्रातून गेली नाही.

रात्र अजून संपलेली नाही. पहाटे २.५५ ला गोल्स्टन स्ट्रीटवरच्या एका चाळवजा इमारतीच्या दारात हवालदार लाँगला रक्ताने भिजलेला कापडाचा तुकडा सापडला. तो एडोजच्या एप्रनचा होता. एप्रनच्या ठिगळाची शिवण दोन्ही तुकड्यांवर तंतोतंत जुळली. आमच्याकडे याला फिजिकल मॅच म्हणतात आणि फाटलेल्या कापडाच्या कडा जुळवण्याचं काम मीही पुष्कळ केलं आहे. साध्या डोळ्यांनी होणारा, पण भक्कम पुरावा. या पूर्ण प्रकरणात खुनी कोणत्या दिशेने गेला हे ठामपणे सांगणारी एकच वस्तू आहे, ती ही.

तुकड्याच्या वर भिंतीवर खडूने काही लिहिलेलं होतं, ज्यू लोकांबद्दल. लंडनमध्ये पोलीस दलं दोन : मायटर स्क्वेअर सिटी पोलिसांच्या हद्दीत, गोल्स्टन स्ट्रीट मेट्रोपॉलिटन पोलिसांच्या. सिटीवाल्यांना फोटो हवा होता. मेट्रोपॉलिटनचे आयुक्त सर चार्ल्स वॉरन स्वतः आले आणि उजाडायच्या आत मजकूर पुसायला लावला, कारण रविवार होता, शेजारी पेटिकोट लेनचा बाजार भरणार होता आणि ज्यूंविरुद्ध दंगल उसळेल अशी त्यांना धास्ती होती. ही धास्ती खोटी नव्हती. पण दोन दलांच्या दोन पोलिसांनी तो मजकूर टिपून घेतला, त्यांत नकाराची जागाच वेगवेगळी आहे! एका टिपणाप्रमाणे ज्यू म्हणजे ज्यांच्यावर उगाच दोष येणार नाही असे लोक, दुसऱ्याप्रमाणे ज्यांच्यावर उगाच दोष येईल असे लोक ज्यू नव्हेत. हद्दीचं भांडण, फोटो नाही, दोन विसंगत नोंदी. असा पंचनामा आमच्याकडे कोर्टात गेला तर बचावाचा वकील पाच मिनिटांत फाडून टाकेल.

असं जागोजागी झालं. निकोल्सचं प्रेत वर्कहाउसच्या शेडमध्ये ठेवलं होतं, तिथल्या दोघा माणसांनी डॉक्टर येण्याआधीच कपडे उतरवून ते धुऊन काढलं. आठवड्याभराने चॅपमनच्या बाबतीत पुन्हा तेच. मेरी केलीच्या खोलीचं दार सकाळी अकरा ते दुपारी दीड बंदच ठेवलं, का, तर माग काढणारे कुत्रे येणार म्हणून. कुत्रे आलेच नाहीत. शेवटी घरमालकाने दार फोडलं.

पण १८८८ च्या पोलिसांना सगळाच दोष देणं मला पटत नाही. त्यांच्या हातात होतं तरी काय? डागातलं रक्त माणसाचं की जनावराचं, हे सांगणारी चाचणी आली १९०१ मध्ये. त्याच वर्षी लँडस्टायनरने रक्तगट दाखवले. त्याच वर्षी स्कॉटलंड यार्डात बोटांच्या ठशांचा विभाग निघाला. व्हाइटचॅपलमध्ये तर गल्लोगल्ली कत्तलखाने, रक्ताळलेल्या कपड्यांचा माणूस पहाटे रस्त्याने गेला तर कुणी वळूनही बघत नसे. ठशांच्या बाबतीत कलकत्ता लंडनच्या पुढे होतं, हे आपल्याकडे फार जणांना माहीत नसतं. तिथे १८९७ मध्येच ठशांचं कार्यालय सुरू झालं. अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी वर्गीकरण बसवलं, नाव मात्र साहेबाचं लागलं, हेन्री पद्धत. तोच एडवर्ड हेन्री पुढे ते घेऊन लंडनला गेला.

सांगायचा मुद्दा हा, की खुनी निसटला त्यात अलौकिक काही नव्हतं. चौदा मिनिटांची गस्त, दोन हद्दी, धुतलेली प्रेतं आणि तेरा वर्षं उशिरा आलेलं विज्ञान, एवढं पुरेसं होतं.

डीएनएच्या बातमीबद्दल आता. लंडनच्या एका लेखकाने २००७ मध्ये लिलावात एक जुनी रेशमी शाल घेतली. ती एडोजच्या प्रेतापाशी पडली होती आणि सिम्प्सन नावाच्या पोलिसाने घरी नेली, अशी त्या घराण्यातली कथा. २०१४ मध्ये पुस्तक आलं : शालीवरचं रक्त एडोजच्या वंशजाशी जुळतं, दुसरा डाग कोस्मिन्स्की या संशयिताच्या नात्यातल्या माणसाशी. २०१९ मध्ये त्यावर शोधनिबंधही निघाला आणि जगभर मथळे झळकले.

माझ्या टेबलावर हे आलं असतं तर मी चाचणीपर्यंत पोचलोच नसतो. आधी विचारलं असतं, ही वस्तू मुद्देमालाच्या यादीत आहे का? एडोजच्या अंगावरच्या आणि जवळच्या वस्तूंची यादी सिटी पोलिसांनी केली होती आणि ती नमुनेदार आहे. काळी स्ट्रॉची टोपी, काळं जाकीट, एकावर एक घातलेले घागरे. दोन आखूड मातीच्या चिलमी. एका डबीत चहा, एका डबीत साखर. साबणाचे तुकडे, फणी, पांढऱ्या मुठीची सुरी, चमचा, लाल कातडी सिगारेट केस, आगपेटीचा रिकामा पत्र्याचा डबा, टाचण्या-सुया खोचलेला लाल फ्लॅनेलचा तुकडा, सुतळीचा गुंडा. मोहरीच्या डबीत गहाणवटीच्या दोन पावत्या, आणि त्यांतली एक तिच्यासोबत राहणाऱ्या माणसाच्या बुटांची, अडीच शिलिंगांना गहाण टाकलेल्या. वर्तमानपत्रात या पावत्यांबद्दल वाचूनच तो माणूस पोलिसांकडे आला आणि तिची ओळख पटली.

सुतळीचा गुंडा लिहिणारा पोलीस रेशमी शाल विसरेल? आणि नवऱ्यासारख्या माणसाचे बूट गहाण टाकणारी बाई ती शाल अंगावर मिरवेल? ती केव्हाच सावकाराच्या कपाटात गेली असती. त्यात सिम्प्सन मेट्रोपॉलिटनचा माणूस, मायटर स्क्वेअर सिटीचं. चेन ऑफ कस्टडी, म्हणजे वस्तू कुणाकडून कुणाकडे गेली याची सलग नोंद, नाही म्हणजे नमुना नाही. मग त्यावर जगातलं सगळ्यात महाग यंत्र चालवा, निकाल शून्य.

चाचणीबद्दलही दोन शब्द. मायटोकाँड्रियल डीएनए आईकडून मुलांकडे जातं आणि एकाच बाईच्या वंशात पिढ्यान्‌पिढ्या जवळपास तसंच राहतं. म्हणून हजारो अनोळखी माणसांचं ते एकसारखं असू शकतं. त्यावरून माणूस वगळता येतो, नेमका दाखवता येत नाही. आमचे रिपोर्ट म्हणूनच ‘वगळता येत नाही’ अशा भाषेत असतात, आणि ती भाषा मथळ्यात घालता येत नाही. २०१४ च्या दाव्यात डीएनएतला एक बदल फार दुर्मीळ, दोन लाख नव्वद हजारांत एकाला, असं म्हटलं होतं. जाणकारांनी लगेच दाखवलं की त्याचा क्रमांक चुकीचा लिहिला आहे. बरोबर क्रमांकाचा बदल युरोपीय वंशाच्या ९९ टक्क्यांहून जास्त लोकांत सापडतो. एका आकड्याची चूक, आणि दुर्मीळ खूण एकदम घरोघरची झाली.

संशयितांवर फार वेळ घालवू नका. सगळ्या याद्या फिरून यार्डातला अधिकारी मॅकनॉटन याच्या १८९४ च्या टिपणापाशी येतात : ड्रुइट, कोस्मिन्स्की, ऑस्ट्रॉग. हा मॅकनॉटन खुनांच्या वेळी खात्यात नव्हताच. त्याआधी बंगालमध्ये बापाची इस्टेट सांभाळत होता, तिथल्या पोलीस खात्यातल्या मन्रोशी ओळख झाली, आणि मन्रो लंडनचा पोलीस आयुक्त झाल्यावर १८८९ मध्ये हा यार्डात आला. टिपणात ड्रुइट ४१ वर्षांचा डॉक्टर आहे. खरा ड्रुइट ३१ वर्षांचा, बॅरिस्टर आणि शाळामास्तर. ऑस्ट्रॉग तर त्या काळात फ्रान्समध्ये तुरुंगात होता, हे पुढे उघड झालं.

विज्ञानकथावाल्यांना हाच का लागतो, याचं उत्तर त्यांच्या धंद्यात आहे. मालिकेच्या आधाराने कादंबरी लिहिणाऱ्याचे हात बांधलेले असतात. स्टार ट्रेकचे कर्क आणि स्पॉक, डॉक्टर हूचा डॉक्टर, ही पात्रं मालकाची. शेवटच्या पानावर ती जशी होती तशी परत ठेवावी लागतात, भाड्याच्या घरासारखी. तेव्हा धक्का द्यायचा तो पाहुण्या खलनायकातून. तो असा हवा की दोन वाक्यांत भीती उभी राहावी, ज्याचा हक्क कुणाकडे नाही, आणि ज्याचा शेवट इतिहासाने मोकळा सोडला आहे. रिपर यात चपखल बसतो. खरं नाव नसल्यामुळे त्याच्या जागी कुणालाही बसवता येतं. १९९८ च्या ‘मॅट्रिक्स’ या डॉक्टर हू कादंबरीत पेरी आणि टकर या जोडीने तिथे व्हॅलयार्डला बसवलं, म्हणजे खुद्द डॉक्टरचंच काळं रूप. रेडजॅकपेक्षा मला ही कल्पना जास्त आवडते, कारण रिपर कोण या प्रश्नाचं उत्तर तिथे नायकाला बोचतं. रेडजॅकचं उत्तर कुणालाच बोचत नाही, जहाज पुढच्या ग्रहाकडे निघतं.

आता तो धोका. ‘वुल्फ इन द फोल्ड’मध्ये प्रश्न येतो की हा जीव बायकांनाच का मारतो. स्पॉक उत्तर देतो ते साधारण असं की बायका पुरुषांपेक्षा लवकर आणि जास्त खोलवर घाबरतात, म्हणजे त्या जिवाला अन्न जास्त. १९६७ मध्ये हे खपून गेलं. व्हाइटचॅपलची फाइल वाचलेल्या माणसाला मात्र ते वाचवत नाही. कारण त्या बायका रात्री दोन वाजता रस्त्यावर का होत्या याचं उत्तर फाइलमध्ये स्वच्छ लिहिलेलं आहे. निकोल्सकडे थ्रॉल स्ट्रीटवरच्या खानावळवजा वसतिगृहात झोपायचे चार पेनी नव्हते. चॅपमन आजारी होती, तिलाही डॉर्सेट स्ट्रीटवरच्या वसतिगृहाने पावणेदोनच्या सुमाराला पैसे नाहीत म्हणून बाहेर काढलं. माझी खाट दुसऱ्याला देऊ नका, पैसे घेऊन येते, अशा अर्थाचं सांगून ती गेली. एडोजला तर ठाण्यातून सोडलं तेही मध्यरात्री. भीतीचा इथे काहीएक संबंध नाही. खाटेचे पैसे नव्हते.

तुमच्या कथेत परग्रहावरचा जीव खुशाल असू द्या. पण त्याने या बायकांना का निवडलं याचं कारण या चार पेनींच्या आसपास कुठेतरी असलं पाहिजे. एकट्या, हिशेबात नसलेल्या, दुसऱ्या दिवशी कुणी शोधणार नाही अशा माणसांवर जगणारा जीव सुचतो का बघा. ते जास्त भयंकर आहे, आणि खऱ्याच्या जास्त जवळ.

बाकी कामाच्या सूचना. खुन्याला शल्यविशारद करू नका. पोलिसांचे डॉक्टर फिलिप्स यांना चॅपमनच्या जखमांत शरीराची जाण दिसली, पण पोलिसांचेच दुसरे डॉक्टर बाँड यांनी १० नोव्हेंबरच्या अहवालात ठासून लिहिलं की या माणसाला खाटकाइतकंही ज्ञान नाही. डॉक्टरांतच मतभेद होते, तो मतभेदच वापरा. भिंतीवरचा मजकूर वापरणार असाल तर दोन्ही पाठ वापरा. काळप्रवासी पात्र लॅबचं असेल तर त्याला मायटर स्क्वेअरमध्ये नेऊन खुन्याच्या मागे धावायला लावू नका, ते सगळेच करतात. त्याला गोल्डन लेनच्या शवागारात न्या, एडोजचे कपडे उतरवले जात असताना. एप्रनचे दोन्ही तुकडे, कोरड्या कागदात वेगवेगळे गुंडाळून. प्लास्टिकमध्ये नाही, ओल सुटून बुरशी धरते आणि डीएनए खराब होतं. नखांखालचा मळ दोन्ही हातांचा वेगळा. एवढं त्याने २.५५ नंतर आणि पहाटेच्या आत केलं तर तो परत येईल तेव्हा त्याच्याकडे नमुना असेल. जुळवायला मात्र समोर माणूस लागेल, आणि तो कोणत्या थडग्यात शोधायचा हे त्यालाही माहीत नसेल. इथे तुमच्या कथेचं दुसरं प्रकरण सुरू होतं.

रेडजॅक हे नाव आणि व्हॅलयार्ड हे पात्र घेऊ नका, ती त्यांच्या त्यांच्या मालकांची आहेत. १८८८ चं जे आहे ते घ्या. मेट्रोपॉलिटन पोलिसांचे उरलेले कागद लंडनला क्यूच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत आणि त्यांतला बराच मजकूर छापलेला मिळतो. मृत्यूचौकशीतल्या साक्षी त्या वेळच्या वर्तमानपत्रांत जवळपास शब्दशः आहेत. एडोजच्या चौकशीपासून सुरुवात करा, सामानाची यादी तिथेच सापडेल.